दोन वह्या

मुक्त वस्तूंच्या भांडारात बंदिस्त वस्तूला जागा द्यावी काय, हा प्रश्न वरवर पाहता संगणकवाल्यांचा आहे. परंतु ज्यांनी देवस्थानाचे अथवा सभेचे हिशेब पाहिले आहेत, त्यांना तो परका वाटू नये.

२०१९ साली इंदुरातील आमच्या एका लहानशा वाचनालयास कोणा सद्गृहस्थाने जुना लॅपटॉप दिला. आमच्या भाच्याने त्यावर डेबियन ही प्रणाली बसविली. १९९३ पासून देशोदेशींचे स्वयंसेवक ती चालवीत आले आहेत. कोणीही ती घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी. ती बसविताना मराठी भाषाही निवडता येते. सारे सुरळीत झाले. फक्त वाय-फाय चालेना. त्या भागास कारखानदाराचे 'फर्मवेअर', म्हणजे यंत्राच्या पोटात भरावयाची एक लहानशी आज्ञावली, लागे. ती फुकट मिळे. पण आत काय आहे हे पाहण्याची वा बदलण्याची सोय नव्हती.

भाचा म्हणाला, "मामा, ही एक बंद डबी आत घेतली, तर बाकीच्या मोकळेपणाला अर्थ काय?"

आम्ही म्हणालो, "अरे, म्हाताऱ्या माणसांना परगावच्या नातवंडांशी बोलायचे आहे. घाल ती, आणि कोणाजवळ बोलू नकोस."

त्यावर तो आठ दिवस फिरकला नाही. यंत्र धूळ खात पडले.

हाच तंटा डेबियनच्या घरातही जुना आहे. १९९७ च्या त्यांच्या 'सामाजिक करारा'त प्रणाली पूर्णपणे मुक्त राखण्याचे वचन आहे. आणि त्याच करारात, गरजूंसाठी अमुक्त आज्ञावली निराळ्या दालनात ठेवू, पण तिला प्रणालीचा भाग मानणार नाही, असेही कलम आहे. ते दालन बंद करावे काय, यावर २००४ मध्ये मतदान झाले आणि ते राखण्याचा निर्णय झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी स्थापिलेली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मात्र याच कारणास्तव डेबियनची शिफारस करीत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बंदिस्त मालाला धर्मशाळेत बिछाना मिळाला, की कारखानदाराने तो उघडा तरी का करावा? उलट बाजूही खोटी नाही. ज्याचे यंत्रच चालत नाही, तो मुक्तीच्या दारापर्यंत पोचणार कसा?

नवव्या दिवशी भाचा आला. त्याने फर्मवेअर घातले आणि लॅपटॉपवर एक चिठ्ठी डकविली: 'यातील वाय-फायचा भाग बंदिस्त आज्ञावलीवर चालतो.' म्हणाला, "मामा, घालायला माझी तयारी झाली, लपवायला होणार नाही." वकिलीत मौनालाही आम्ही युक्तिवाद मानतो. त्या दिवशी आमचे मौन आम्हांस लाजवून गेले.

तेव्हा आम्हांस याच शहराची जुनी रीत आठवली. होळकरांच्या राज्यात दौलत आणि खासगी असे दोन हिशेब निराळे असत. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगीची जहागीर दिली. पुढे अहिल्याबाईंनी देशभर देवळे, घाट व धर्मशाळा उभारल्या त्या खासगीतून. वाडा एकच, पण वह्या दोन. कोणता रुपया कोठला, हे सांगता येणे यातच त्या कारभाराची अब्रू होती.

डेबियननेही अखेर असाच मार्ग धरला. २०२२ च्या मतदानाने करारात दुरुस्ती होऊन बसविण्याच्या संचातच असे फर्मवेअर देण्याचे ठरले. जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत ते आले, तेही स्वतंत्र दालनातून. कोणते फर्मवेअर घेतले हे वापरणाऱ्यास सांगावे, आणि शक्य तेथे ते नाकारण्याची सोय ठेवावी, असेही ठरावात होते. आमच्या भाच्याची चिठ्ठीच ती!

आमचे मत आता असे आहे: जागा द्यावी, पण वही निराळी असावी आणि ती सर्वांस उघडी असावी. मात्र वेगळी वही म्हणजे कायमची सनद नव्हे. दर वर्षी ती काढावी आणि विचारावे, यातली कोणती नोंद आता खोडता येईल? हे विचारणारा भाचा घरात आहे, तोवर भांडाराची चिंता नाही.