रुपे आणि रुपया

आई गेल्यानंतर कपाट आवरताना दोन वस्तू हाती आल्या: वडिलांनी कधीकाळी घेतलेली अर्ध्या किलोची चांदीची वीट, आणि आजीच्या चंचीत बांधून ठेवलेले एक्केचाळीस रुपये. धाकट्या भावाचे म्हणणे पडले, की रुपये आटवून त्यांचीही लगड करावी. वाटणीचा घोळ उरणार नाही.

संचयाच्या हिशेबाने त्याचे चुकत नव्हते. विटेवर वजन आणि शुद्धतेचा आकडा असतो, घडणावळ नाममात्र. सराफाकडच्या लक्ष्मीछाप नाण्याला (नाणे हे त्याचे केवळ नाव, व्यवहारात ते चालत नाही) छापाचे पैसे घेताना मोजावे लागतात. मोडताना ते कोणी देत नाही.

सराफांनी सालांवरून रुपयांचे दोन ढीग केले. १९४० पूर्वीचे पस्तीस: प्रत्येकी एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. उरलेले सहा वजनाने तेवढेच, पण युद्धकाळात चांदी निम्म्यावर आणलेले. (१९४७ साली तीही जाऊन निकेल आले.) तेव्हा छाप खोटे बोलू शकतो, विटेला ती सोय नाही, हे मला मान्य करावे लागले.

तरी मन विटेकडे वळेना. पाणिनीने 'रूप्य' हा शब्द दोन अर्थांनी सिद्ध केला आहे: ठसा उमटवलेले आणि प्रशंसनीय रूपाचे. मराठीत 'रुपे' म्हणजे नुसता धातू राहिला, ठसा 'रुपया'कडे गेला. १८९३ पर्यंत हे अंतर ओलांडता येत असे: कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे, ठरलेले शुल्क देऊन रुपये पाडून घ्यावेत. त्या वर्षी सरकारने ती वाट बंद केली, आणि रुपयाची किंमत त्यातल्या रुप्यापासून सुटली.

आजीला यातले काही ठाऊक नसावे. ती प्रत्येक रुपया उंबऱ्यावर वाजवून मगच चंचीत टाकीत असे, एवढे मला आठवते.

अखेर वीट भावाने घेतली, रुपये मी. शुद्ध चांदीच्या मापात मला नव्वदएक ग्रॅम कमी आले. निदान ते सहा हिणकस तरी आटव, असे तो जाता जाता म्हणाला. त्यांतल्याच एकाच्या कडेला कडी डागल्याची खूण आहे. घरातल्या कोणीतरी तो गळ्यात घातला होता.