उंबऱ्यावरचा सॅल्मन

मुंबईतल्या बऱ्याच फिश रेस्तराँच्या मेन्यूकार्डात रावसाच्या शेजारी 'इंडियन सॅल्मन' असं लिहिलेलं असतं. फॉरेनच्या पाहुण्यांना समजावं, आणि किंमत थोडी वर नेता यावी, असे दोन्ही फंडे त्यामागे असावेत. प्रत्यक्षात रावस आणि सॅल्मन यांचं दूरदूरचंही नातं नाही. रावस आपला समुद्रात आणि खाडीत फिरतो, मजेत जगतो. सॅल्मनचं तसं नाही. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि पिल्लांसाठी पुन्हा त्याच नदीत परततो.

कोकणातल्या पब्लिकला हे चटकन समजेल, कारण आपल्याकडे चढणीचे मासे असतात. पहिला दणदणीत पाऊस पडला की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलटे, पऱ्यातून थेट शेतात चढतात. माझं आजोळ संगमेश्वरजवळचं. जूनमध्ये बॅटऱ्या आणि टोपल्या घेऊन निघालेली गर्दी मी लहानपणी पाहिलीय. सॅल्मनचा 'रन' म्हणजे हीच चढण, फक्त हजारो किलोमीटरची आणि आयुष्यात एकदाच होणारी.

ही चढण मी पाहिली ती अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, ऑनसाइट असताना. पोर्टलंडजवळचं हिल्सबरो म्हणजे चिप कंपन्यांचं गाव. मराठी माणसं इतकी, की ग्रोसरीच्या दुकानात मागून "अगं, कोथिंबीर संपली वाटतं" असं ऐकू येतं आणि आपण दचकतही नाही. वीकेंडचे पर्याय ठरलेले: धबधबा, बीच, आउटलेट मॉल. सप्टेंबरपर्यंत तिन्ही करून झाले होते. मग माझी रूममेट, जी मूळची मालवणची आहे आणि आठवडाभर मासे मिळाले नाहीत तर जिचं डोकं फिरतं, तिनं टूम काढली. "टिलामूकच्या खाडीत सॅल्मन आलाय. गाइड बोट घेऊन जातो. चल."

माणशी अडीचशे डॉलरच्या आसपास खर्च होता, शिवाय एका दिवसाचं लायसन्स. मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि गप्प बसले. पण गेलो. आम्ही दोघी, ऑफिसातलं एक नवराबायकोचं जोडपं आणि आमच्या पाचही जणांहून जास्त उत्साही असलेला गाइड. पाचवी होती त्या जोडप्याची आई, सोलापूरच्या काकू. त्या पक्क्या शाकाहारी होत्या, आणि "मी फक्त बोटीत बसायला येणार" हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

पाच नद्यांची खाडी

हिल्सबरोहून हायवे सहा धरून पश्चिमेला निघालं की दीडेक तासात समुद्र येतो. वाटेत दाट जंगल लागतं. १९३३च्या भल्यामोठ्या वणव्यात, आणि नंतरच्या वणव्यांतही, हा सगळा डोंगर जळाला होता. आज दिसतं ते बरंचसं माणसांनी पुन्हा लावलेलं जंगल आहे. रस्त्याच्या कडेनं विल्सन नदी सोबत करते. टिलामूकच्या खाडीला अशा पाच नद्या मिळतात: टिलामूक, ट्रास्क, विल्सन, किल्चिस आणि मायामी. (या मायामीचा फ्लोरिडातल्या बीचशी काही संबंध नाही!) खाडी तशी उथळ आहे. ओहोटीला निम्मीअधिक चिखलात उघडी पडते. तोंडाशी दोन दगडी धक्के आणि मधे 'बार', म्हणजे वाळूचा उंचवटा. समुद्राच्या लाटा तिथं फुटतात आणि जागा धोक्याची आहे. २००३च्या जूनमध्ये इथं एक चार्टर बोट उलटून अकरा जण गेले. आमच्या गाइडनं बोट सुरू करण्याआधी लाइफ जॅकेटचे बक्कल स्वतः ओढून तपासले आणि सांगितलं, "आज आपण बार ओलांडणार नाही. मासाच आपल्याकडे येईल."

ट्रोलिंगचा फंडा अगदी सोपा आहे. बोट माणसाच्या चालीनं, कधी त्याहूनही हळू चालवायची आणि मागे आमिष ओढत न्यायचं. इंटरनेटवरच्या 'ट्रोल'चं मूळही या ओढत्या गळातच असल्याचं सांगतात. पाण्यात काहीतरी चमकतं सोडायचं आणि कोण चावतं ते बघायचं! इथं आमिष होतं हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण. गाइडनं त्या मिठाच्या पाण्यात मुरवून घट्ट केल्या होत्या. डोकं तिरकं कापून गळ असा ओवायचा की पाण्यात ओढल्यावर हेरिंग गोल गोल फिरली पाहिजे. ती फिरली नाही तर सगळं फुकट. तिच्या पुढे एक त्रिकोणी चमकता फ्लॅशर, आणि तळाजवळ राहावं म्हणून शिशाचं वजन. रीलवर आकड्यांचा काउंटर होता, त्यामुळे किती फूट लाइन सोडली ते कळायचं. सकाळी सहाला, थंडीनं दात वाजत असताना, मी जन्मात पहिल्यांदा एका मेलेल्या माशाला गिरकी घ्यायला शिकवत होते.

मालवणच्या बाईनं मात्र पाणी बघूनच सांगितलं, "आज भांगाची भरती आहे, उधाणाची नाही." गाइडला मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. तो खूश झाला. त्यानं मुद्दाम हीच तारीख दिली होती. उधाणाच्या भरतीत खाडीतलं लांबच लांब समुद्री गवत उपटून वाहू लागतं, लाइनला गुंडाळलं जातं आणि दिवस गवत काढण्यात जातो. भरती मऊ असली की सॅल्मन खाडीच्या तोंडाजवळच्या खोल भागात रेंगाळतो. म्हणजे सात समुद्रांपलीकडे, भाषा वेगळी, मासा वेगळा, पण पंचांग तेच!

हात लावायचा नाही

गाइडचा एकच नियम होता. रॉड होल्डरमध्ये आहे, हलली तरी हात लावायचा नाही. सॅल्मन आधी टोचून बघतो. टोक थरथरतं. तेव्हा झटका दिला की हेरिंग त्याच्या तोंडातून निसटते. रॉड पूर्ण वाकून पाण्याला टेकेपर्यंत थांबायचं. दर दोन मिनिटांनी मेल बघणाऱ्या आमच्यासारख्यांना ही शिक्षाच होती. पहिले दोन तास काही झालं नाही. शेजारच्या बोटीत नेट उचललं गेलं की आमच्या बोटीत सामूहिक सुस्कारा निघायचा. काकूंनी डब्यातून शेंगाची चटणी आणि भाकरी काढली. गाइडनं चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पहिला मासा लागला तो मालवणकरणीला. पाच-सहा मिनिटं झुंजून तिनं तो बोटीपर्यंत आणला. चांदीसारखा लखलखीत कोहो. गाइडनं नेट पाण्यातच धरलं, मासा वर घेतलाच नाही. शेपटीच्या थोडं आधी, पाठीवर, सॅल्मनला एक छोटासा मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो पर सोडण्यापूर्वी कापतात, म्हणजे मोठेपणी ओळख पटते. या कोहोचा पर शाबूत होता. म्हणजे हा नदीत जन्मलेला, रानचा मासा. ओरेगॉन किनाऱ्यावरचा रानचा कोहो सरकारी यादीत 'धोक्यात' आहे, आणि त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे तो सोडायचा होता. पक्कडीनं गळ काढला, आणि गेला. माझ्या मैत्रिणीचा चेहरा असा झाला की कुणाचीच बोलायची हिंमत होईना. शेवटी काकूच म्हणाल्या, "जाऊ दे गं, लेकुरवाळा असेल."

त्यानंतर तासाभरानं माझी रॉड थरथरली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. टोक वाकलं, सरळ झालं, पुन्हा वाकलं आणि मग सरळ पाण्यात गेलं. "नाऊ!" पुढची पंधरा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. दंड भरून आले, लाइन सुसाट पळाली, गाइड सांगत होता ते एका कानानं ऐकत होते. शेवटी नेटमध्ये आला तो चिनूक. हा सॅल्मनमधला सगळ्यात मोठा, म्हणूनच याला 'किंग' म्हणतात. गाइडच्या काट्यावर बावीस पौंड, म्हणजे दहा किलो. मादी. पर शाबूत. पण चिनूकचा नियम वेगळा होता, रानचा असला तरी त्या दिवशी ठेवता येत होता. नेट पाण्यातच ठेवून गाइडनं विचारलं, "ठेवायचा की सोडायचा? तू ठरव."

नाकानं घर शोधणारे

हा प्रश्न एवढा जड का वाटला, हे सांगायला थोडं विज्ञान सांगावं लागेल.

विस्कॉन्सिनचे शास्त्रज्ञ आर्थर हॅसलर एकदा युटातल्या डोंगरात, आपल्या लहानपणच्या मुलखात फिरत होते. धबधबा अजून दिसतही नव्हता, पण ओल्या शेवाळाचा आणि झाडांचा वास आला आणि विसरलेलं बालपण भसकन वर आलं. त्यांना वाटलं, सॅल्मनचंही असंच होत असेल का? १९५१मध्ये त्यांनी आणि वॉरन विस्बी यांनी हा विचार मांडला. पुढे वॉशिंग्टन राज्यात काही कोहोंची नाकं बुजवून त्यांना सोडलं, तेव्हा त्यांना आपला ओढा धड ओळखता येईना. प्रत्येक नदीला तिच्या मातीचा, झाडापानांचा वास असतो. पिल्लू तो घेऊन समुद्रात जातं आणि काही वर्षांनी त्याच वासावर परततं.

माझी ही मादी या पाचांपैकी एखाद्या नदीत जन्मलेली असणार. इथले चिनूक उत्तरेला कॅनडा-अलास्काच्या दिशेनं जातात. तिथं वाढून ती परत आली होती. गोड्या पाण्यात शिरल्यावर तिनं खाणं सोडलं असतं, अंगातल्या चरबीवर वर चढून गेली असती, काही हजार अंडी घातली असती आणि मेली असती. नदीत मेलेल्या सॅल्मनच्या शरीरातून समुद्रातलं पोषण काठावरच्या झाडांपर्यंत पोचतं. हे सगळं घडायला काही मैल उरले होते. आम्ही तिला घराच्या उंबऱ्यावर गाठली होती.

आमच्यातली तिघं "ठेव" म्हणत होती. काकू दुसरीकडे बघत होत्या. आणि खरं सांगायचं तर ऑनसाइटवरच्या प्रत्येकाच्या डोक्यात 'परत कधी जायचं' ही टेप वाजतच असते. त्यामुळे परतणाऱ्या माशाकडे बघून गळा दाटून येणं फार सोपं होतं.

मी ठेवला.

भूक किंवा अडीचशे डॉलर हे त्याचं कारण नव्हतं. त्या माशाची नोंद होणार होती, म्हणून ठेवला. गाइडनं सगळ्यात आधी माझ्या मोबाइलवर लायसन्सच्या अॅपमध्ये मासा नोंदवायला लावला. तारीख, जागा, जात. बोट हलवण्याआधी, फोटो काढण्याआधी. असे आकडे गोळा होतात, नदीत पोचलेले मासे मोजले जातात आणि त्यावर पुढच्या वर्षी किती पकडायचे, कुठं पकडायचे, पकडायचे की नाही, हे ठरतं. आणि 'नाही' हे उत्तर खरंच दिलं जातं. शेजारच्या कॅलिफोर्नियात दुष्काळानं आणि तापलेल्या नद्यांनी सॅल्मन इतका घटला की २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं समुद्रातली सॅल्मनची मासेमारी पूर्ण बंद ठेवली गेली. २०२५मध्ये हौशी लोकांना मोजके दिवस मिळाले, पोट भरणाऱ्या कोळ्यांना तेही नाहीत. किती बोटी आणि किती गाइड रिकामे बसले असतील! आमचा गाइड एवढंच म्हणाला, "एखाद्या वर्षी माझं गिऱ्हाईक बुडालं तर चालेल, रन बुडाला तर मी दुसरं काय विकू?"

मला आजोळचा पऱ्या आठवला. माझे आजोबा चढणीचे मासे धरायचे, पण पऱ्याची एक बाजू मोकळी ठेवायचे. "थोडे वर जाऊ देत, नाहीतर पुढच्या वर्षी टोपली कशाला आणायची?" त्यांच्याकडे अॅप नव्हतं, टॅग नव्हता. पण आता त्याच पऱ्यावर आडवी जाळी लागतात, काठापासून काठापर्यंत, आणि मोजायला कुणी नसतं. समुद्रात निदान १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. शेतात चढणाऱ्या माशाचा वाली कोण?

संध्याकाळी हिल्सबरोच्या फ्लॅटवर सॅल्मनचं तिखलं झालं, तिरफळं घालून. तिरफळं अर्थात मालवणहून आलेली. अकरा जण जेवलो. गाबोळी अर्धी तळली, अर्धी गाइडनं आधीच मागून घेतली होती, पुढच्या गिऱ्हाइकाच्या आमिषासाठी. मासा चवीला सॉलिड होता, पण रावसासारखा अजिबात नव्हता. काकूंनी पिठलं खाल्लं आणि सगळ्यांना वाढलं.

कधी पोर्टलंडला ऑनसाइट गेलात तर सप्टेंबर-ऑक्टोबरचा एक शनिवार राखून ठेवा. भरतीचं कोष्टक बघून भांगाची तारीख मागा. गरम कपडे दोन थर जास्त घ्या. नियम दरवर्षी, कधी कधी हंगामाच्या मधेच बदलतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. आणि एखाद्या वर्षी खाडी बंद असेल तर चिडू नका. टिलामूक गावात चीजचा प्रसिद्ध कारखाना आहे, तिथं आइस्क्रीमही झकास मिळतं. ते खा आणि पुलावर उभे राहून खाली बघा. पाण्यात एखादी लांब सावली उलट्या दिशेनं जाताना दिसली, तर तिला जाऊ द्या.