कुंपणाच्या कडेचं गवत

अमेरिकेत पहिलं घर घेतलंत, की पहिल्याच उन्हाळ्यात तुमच्या लक्षात येतं की घराबरोबर आपण गवतही विकत घेतलंय. लॉनमोअर सगळेच आणतात. पण तो फिरवून झाला तरी कुंपणाच्या कडेला, मेलबॉक्सच्या खांबाभोवती, डेकच्या पायऱ्यांशी गवत उरतंच. आपल्याकडे त्यासाठी विळा होता. इथे स्ट्रिंग ट्रिमर. कोणी वीड व्हॅकर म्हणेल, कोणी वीड ईटर.

वीड ईटर हे मुळात ब्रँडचं नाव. ह्यूस्टनचे जॉर्ज बॅलस नृत्यशाळा चालवायचे. 1971 मध्ये मोटार धुवायच्या मशीनचे गरगर फिरणारे ब्रश बघून त्यांना ही युक्ती सुचली. पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून त्यांनी मासेमारीची दोरी ओवली आणि डबा लॉनची कड कापायच्या यंत्राला जोडला. आजही तत्त्व तेच आहे: पातं नाही, नुसती नायलॉनची दोरी.

नुसती दोरी म्हणून हलक्यात घेऊ नका. 15 इंच घेर कापणारं मशीन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर दोरीच्या टोकाचा वेग ताशी 400 किलोमीटरच्या वर जातो. त्याने काय होतं ते मी आमच्या अंगणात पाहिलं आहे. मुलगी झाली त्या वर्षी आम्ही डॉगवुडचं रोप लावलं होतं. आम्ही दोघंही नोकरीला, म्हणून गवत कापायला बाहेरची माणसं यायची आणि ट्रिमर अगदी खोडाला टेकवून फिरवायची. मी दोनदा सांगितलं, त्यांनी दोनदा मान हलवली. पाचव्या वसंतात झाडाला पानंच आली नाहीत. बुंध्याशी बोटभर रुंदीचा पट्टा, सगळीकडून साल गेलेली. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. तो थर गोल तुटला की मुळं उपाशी मरतात. लेकीने विचारलं, "नवीन लावलं तर ते माझ्याएवढं असेल का?" काय सांगणार?

ती माणसं बंद केली आणि मशीन घरी आणलं. नव्या झाडाभोवती दीड-दोन फुटांपर्यंत मल्चचं आळं केलंय, म्हणजे तिथे गवतच नको आणि ट्रिमरही नको. मल्च खोडाला मात्र टेकवू नका, साल कुजते.

कोणतं घ्यावं? माझं मत सांगते. पाव एकराच्या आसपासच्या अंगणाला बॅटरीचं 40 किंवा 56 व्होल्टचं मशीन भरपूर झालं. मोअर बॅटरीचा असेल तर त्याच कंपनीचा आणि त्याच व्होल्टचा ट्रिमर पाहा. बॅटरी दोन्हीला चालली तर पैसे वाचतात. वायरचं मशीन स्वस्त आणि हलकं, पण वायर सांभाळण्यातच जीव जातो. टू-स्ट्रोक गॅसचं मशीन मोठ्या, माजलेल्या जागेसाठी. त्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच तेल मिसळायचं, बऱ्याचदा ते 50 ला 1 असतं. 15 टक्के इथेनॉलचं पेट्रोल अजिबात घालू नका, आणि हिवाळाभर टाकीत इंधन ठेवू नका, कार्ब्युरेटर चोंदतो. कॅलिफोर्नियात तर 2024 पासून नव्या गॅस मशीनना दारं जवळजवळ बंदच आहेत. दोरी मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच जाडीची घ्या. घरगुती मशीनना 0.065 ते 0.095 इंच लागते. दोरीऐवजी साखळी किंवा धातूची तार लावायचा मोह नको. तुकडा उडाला तर गोळीसारखा जातो. युरोपात धातूचे भाग जोडलेल्या अशा साखळ्यांवर 2012 पासून बंदी आहे. आणि उंच माणसाने सरळ दांड्याचंच मशीन घ्यावं, नाहीतर कंबर बोलते.

गेल्या उन्हाळ्यात सासरे सहा महिने आले होते. साताऱ्याकडचे, वय 74, आयुष्यभर शेती. इथे आल्यावर गाडी नाही, भाषा नाही, दिवसभर खिडकीत बसून राहायचे. मशीन पाहिलं आणि उठले, लेंगा आणि चप्पल घालून. मी म्हटलं, "अण्णा, बूट आणि गॉगल घाला." ते म्हणाले, "सूनबाई, गवत कापायला गॉगल? लोक हसतील." सासऱ्यांना किती सांगावं, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. पण त्यांना पुन्हा खिडकीत बसवणं माझ्या जिवावर आलं. मी कुंपणाजवळचा तीन-तीन पानांचा वेल दाखवला. हा पॉयझन आयव्ही; आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातला. ट्रिमर लागला की त्याचा चीक अंगभर उडतो. "म्हणजे बिब्ब्यासारखा उततो?" अण्णांनी विचारलं, आणि स्वतःहून लांब पँट मागितली. त्या वेलाला आम्ही मशीन लावलंच नाही. तो जाळायचाही नाही, धूर छातीत जातो. अंगाला लागलाच तर लगेच साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा आणि हत्यारंही पुसा, कारण चीक त्यांवर टिकून राहतो.

गॉगल झेड 87.1 असा शिक्का असलेला घ्या. साधा चष्मा पुरत नाही, बाजूने खडा येतो. मशीनवरचं प्लास्टिकचं गार्ड काढू नका. पोरंबाळं, कुत्री आणि शेजाऱ्याची गाडी निदान 50 फूट लांब हवीत. दोरी बदलताना किंवा गुंतलेलं गवत काढताना आधी बॅटरी काढायची.

अण्णांनी एक गोष्ट मात्र आम्हाला शिकवली, जी मॅन्युअलमध्ये असूनही कोणी करत नाही. मशीन सुरू करायच्या आधी ते हात मागे बांधून अख्ख्या कडेने एक फेरी मारायचे आणि खडे, काड्या, लेकीच्या क्लिपा खिशात गोळा करायचे. आठवड्याला खिसाभर निघायचं. शेजारचे आजोबा एक दिवस कुंपणापाशी येऊन बघत उभे राहिले. भाषा एकालाही दुसऱ्याची येत नव्हती, पण पुढच्या शनिवारी तेही आपल्या बाजूने वाकून खडे वेचताना दिसले.