आबांचं अर्थिंग

मला लिनक्स शिकवणाऱ्यांची यादी मोठी आहे. सर्व्हर शिकवला तो एकाच माणसानं, आणि त्या माणसानं तोवर कीबोर्डला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

आबा चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. मी डिप्लोमा करून तिथं नुकतीच लागले होते. सुरुवातीला त्यांच्या तोंडी 'मॅडम' असायचं. एका रात्रपाळीत प्रेस बंद पडली आणि मी पॅनलसमोर त्यांना टॉर्च धरून उभी राहिले, एकही सल्ला न देता. त्यानंतर 'मॅडम'ची 'पोरी' झाले.

लिनक्सचं ऋण त्याआधीचं. कॉलेजात असताना निगडीहून बसनं मॉडेल कॉलनीत, सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या 'ग्नुनिफाय' या मुक्त सॉफ्टवेअरच्या संमेलनाला जायचे. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी ओळखदेख नसताना शेजारी बसून शिकवायची, चहाही पाजायची. ते कर्ज शेकडो लोकांमध्ये वाटलेलं आहे, त्यातल्या कुणाला माझा चेहरा आठवायचा नाही. आबांचं कर्ज माझ्या एकटीच्या नावावर आहे.

त्याला कारण त्यांच्या वह्या. कुठलं मशीन कशानं बंद पडलं आणि कसं चालू केलं, हे ते वर्षानुवर्षं बारीक अक्षरात लिहीत आले होते. 'कॉन्टॅक्टर घोंगावतो – आधी कॉइल बदलू नये. पोल उघडून धूळ पुसावी, शेडिंग रिंग तुटली आहे का बघावी.' 'सेन्सर सतत चालू दाखवतो – तोंडावर लोखंडाचा किस चिकटलाय, फडक्यानं पुसा, मग वायरिंगला हात घाला.' ही माहिती कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नसते, असली तरी मराठीत नसते. 2021 मध्ये आबा निवृत्तीला आले होते. वह्यांचे फोटो ग्रुपवर टाकले की दोन दिवसांत शुभसकाळच्या पुरात वाहून जायचे. भोसरी असो वा तळेगाव, कुणाही फिटरला पॅनलसमोर उभ्यानं फोनवर हवं ते पान उघडता यावं, असं माझ्या मनात होतं. सर्व्हरवरची जागा भाड्यानं मिळते, महागही नसते. पण मला ते घरीच चालवायचं होतं. हौस म्हणा.

मशीन कुदळवाडीतून आणलं. चिखलीची ती भंगाराची वस्ती 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं भुईसपाट केली, पण तेव्हा तिथं एखाद्या बँकेचे नाहीतर ऑफिसचे जुने संगणक वजनावर मिळायचे. आबा सोबत होते. स्क्रीन, प्रोसेसर काहीच न बघता त्यांनी वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या पंख्यात बोट घालून तो फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हा घे. बेअरिंग चांगलंय."

निगडी प्राधिकरणातल्या घरी मशीन लावलं आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. मी म्हटलं, होतं असं, सगळ्यांकडेच होतं. आबांनी पिशवीतून मीटर काढला. कॅबिनेट आणि बागेतला लोखंडी नळ यांच्यामध्ये 110 व्होल्टच्या आसपास! एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ जोडलेलं नसलं की कॅबिनेट 230 च्या निम्म्यावर तरंगत राहतं. आमच्या सॉकेटची तिसरी पिन वर्षानुवर्षं शोभेची होती. पुढच्या गुरुवारी, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या औद्योगिक सुट्टीच्या वारी, आबा पहार घेऊन हजर. अंगणात खड्डा, त्यात प्लेट, वर कोळसा आणि मीठ, मग पाणी. आई म्हणाली, "आबा, कॉम्प्युटरसाठी एवढं?" ते म्हणाले, "वहिनी, हे तुमच्या वॉशिंग मशीनसाठी. कॉम्प्युटर निमित्त."

डेबियन लिनक्स बसवायला त्यामानानं काहीच लागलं नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, डेस्कटॉप नको सांगितलं, वेब सर्व्हर घेतला. नुकतीच आलेली अकरावी आवृत्ती होती, बुल्सआय नावाची. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या खेळण्यांची नावं देतात हे कळल्यावर आबा मनापासून हसले. अडलं ते पुढे. केबलवाल्याच्या जोडणीत अनेक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता असतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला आमचं दार सापडेना. जास्तीचे पैसे भरून स्वतंत्र, स्थिर आयपी घेतला, राउटरमध्ये वेबसाठी 80 आणि 443 ही दोन पोर्टं उघडली, शिवाय दुरून लॉगिन करायचं पोर्टही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, नव्वद दिवसांचं असतं, यंत्रच त्याचं नूतनीकरण करतं.

बायोसमध्ये एक सेटिंग असतं, वीज परत आली की मशीन आपोआप चालू व्हावं असं. मी ते लावलं म्हणून सांगितलं तर आबा भडकलेच. "लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू? कुणाचा हात असला आत तर?" स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते ती याचसाठी, वीज गेली की सुटते आणि कुणी बटण दाबेपर्यंत मोटर फिरू देत नाही. त्यांची सगळी हयात या एका नियमावर गेलेली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बरं. ह्यात कुणाचा हात नसतो. राहू दे."

पहिल्याच रात्री लॉगमध्ये रांग लागली होती. जगभरातून कोण कोण 'रूट', म्हणजे मशीनचा मालक म्हणून आत शिरू बघत होतं. मी पासवर्डनं आत येणं बंद केलं, फक्त किल्ली ठेवली. आबांना ते दाखवलं तर त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "आणि तुझी वही कुठंय?" लॉग मशीन लिहितं, वही माणसानं लिहायची, हा त्यांचा शिरस्ता. तारीख, काय बदललं, का बदललं, उलटं कसं फिरवायचं. आजही मी कुठलीही फाइल बदलायच्या आधी तिची नोंद करते. इंटरनेटवर सर्व्हरविषयी पुष्कळ वाचलं, त्यातलं निम्मं विसरले. ही चार खान्यांची वही सुटलेली नाही.

मजकूर टाइप केला. पानांसोबत पाठवायला लोहितची अक्षरं घेतली. ती मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेली, 2004 मध्ये रेड हॅटनं मुक्त परवान्याखाली खुली केली. पहिल्या पानावर आबांचं नाव घातलं तर ते म्हणाले, काढ. त्यांना मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, धरायला शिकवलेल्या पिंपरीतल्या मिस्त्रींचं नाव घालायचं होतं. वाद झाला. मग मी त्यांना डेबियनमधली एक गोष्ट दाखवली. त्यात प्रत्येक पॅकेजबरोबर एक 'कॉपीराइट' नावाची फाइल येते आणि मूळ कुणाचं, नंतर हात कुणाचा लागला, ते तिच्यात नोंदलेलं असतं. 1993 मध्ये इयन मर्डॉकनं हा प्रकल्प सुरू केला तेव्हा नावातसुद्धा स्वतःबरोबर मैत्रीण डेब्राला घेतलं. आबांनी चष्मा सारखा केला. म्हणाले, "मग मिस्त्री वर, मी खाली." तसंच आहे. तिसरं नाव माझं घालायचा हट्ट त्यांनी केला, आणि तो मी मोडला नाही.

अर्थिंगचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. दिवाळीला मी साडी-धोतर घेऊन खेड तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेले तर परत येताना गाडीत चाकणच्या कांद्याचं पोतं. त्यांच्याशी हिशेब मिटवायला गेलं की तो वाढतो.

त्यांचा नातू आता डिप्लोमाला आहे. त्याला सर्व्हरवर खातं दिलंय, सुडो, म्हणजे मशीनवर काहीही बदलायचा अधिकार, दिलेला नाही. आज्जा स्वतः वशिला लावायला आला होता. मी म्हटलं, महिनाभर रोज लॉग वाचू दे आणि वही दाखवू दे, मग बघू. आबा नातवाला म्हणाले, "बघ, मी सांगितलं होतं, ती नाही देणार."