तिसऱ्याचा हक्क

मोहल्ल्यात मराठी किंवा इंग्रजी कागद आला की लोक तो वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, पण बी.एड. झालेल्या मास्तराला सगळे कायदे पाठ असतात, असा लोकांचा समज. बँकेचे पत्र, वीजबिल, तहसीलची नोटीस... गेल्या वर्षी आलेला कागद मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा होता.

ज्यांच्या नावाने तो आला, ते चाचा जालन्यात वेल्डिंगचे काम करतात. घरच्या लग्नकार्याला, दवाखान्याला उपयोगी म्हणून त्यांनी जुनी मोटार घेतली होती. एका संध्याकाळी मंठा रस्त्यावर त्यांचा मुलगा गाडी चालवत होता. सळयांच्या कारखान्यातून ड्यूटी संपवून सायकलीने घरी निघालेल्या मजुराला धडक बसली. तो जागीच गेला. वय 34. मागे बायको, दोन लहान मुले आणि म्हातारी आई.

गाडीच्या विम्याची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. त्या महिन्यात मुलीचे लग्न होते. हप्ता पुढच्या महिन्यात भरू, असे चाचांनी ठरवले होते. कुणाच्या सल्ल्याने त्याच रात्री नवी पॉलिसी काढली. पण पॉलिसीवर तारखेसोबत वेळही छापलेली असते. आधीच्या अपघाताला ती कशी लागू होणार?

कागद ऐकून चाचा म्हणाले, "सर, बीमा तो वैसे बी जायज कां है? नै भरे तो क्या गुनाह हुआ?"

विम्यातील व्याजाचा आणि जुगाराचा वाद आलिमांचा आहे. त्यात आम्ही पडत नाही. कायद्याने सक्तीचा विमा मजबुरी म्हणून भरावा, असे सांगणारे आलिमही पुष्कळ आहेत. पण एका गोष्टीत वाद नाही. चुकून जीव गेला तरी वारसांना दियत द्यावी, हे सूरह निसामध्येच आहे. फिकहच्या ग्रंथांत 'आकिला' म्हणून व्यवस्था आहे: एकट्याला पेलत नाही म्हणून दियत सगळ्या कुटुंबकबिल्याने वाटून भरायची. आज असा कबिला कुणाच्या पाठीशी उभा आहे?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 ने सक्तीचा केलेला विमा आपल्या गाडीच्या पत्र्यासाठी नाहीच. पहिला पक्ष मालक, दुसरा कंपनी आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा तो अनोळखी माणूस. पॉलिसी त्याच्यासाठी असते. विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते. नसेल तर ती मालकाच्या मानेवर येते.

आम्ही चाचांना वहीवर हिशेब मांडून दाखवला. मजुराची कमाई महिना 12,000. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या अशा माणसासाठी भविष्यातील वाढ 40 टक्के, झाले 16,800. वर्षाचे 2,01,600. अवलंबून असणारे चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 1,51,200. 2009 च्या निकालातील तक्त्याप्रमाणे 31 ते 35 वयाला गुणक 16. एकूण 24,19,200 रुपये. व्याज आणि इतर रकमा वेगळ्या. दुसऱ्या बाजूला 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीचा 2022 मध्ये ठरलेला थर्ड पार्टीचा वार्षिक दर: 3,416 रुपये, अधिक कर.

चाचा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले.

लोक फक्त दंड मोजतात. 2019 पासून पहिल्या वेळी 2,000 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. हे सगळे सोसता येते. पण विमा नसलेली गाडी अपघातात सापडली तर तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरावेत, असा नियम करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना सांगितले. चाचांच्या जुन्या गाडीचे असे किती येणार?

आम्हाला चाचांपेक्षा त्या बाईची चिंता वाटते. निकाल तिच्या बाजूने लागेलही. पण वेल्डिंगवाल्याकडून चोवीस लाख वसूल व्हायला किती वर्षे लागतील? तोवर मुलांच्या फीचे काय? हुकूकुल इबादबद्दल आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसाचा हक्क बुडाला तर तो त्या माणसानेच माफ करायचा असतो.

आमच्या मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळा आणि मय्यतच्या खबरा लिहितात. इमामसाहेबांच्या परवानगीने दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला आम्ही खाली एक ओळ लिहितो: आपल्या गाडीच्या विम्याची तारीख पाहून घ्या. मागच्या जुम्याला तिघांनी तिथेच उभे राहून मोबाईलवर तारीख पाहिली. एकाची परवाच संपली होती.