आईची कवळी

आमच्या घरात चुलीशेजारच्या देवळीत एक पितळी फुलपात्र असायचं. त्यात पाणी, आणि पाण्यात आईची कवळी. पाहुणे आले की आई ती उचलून पदराआड तोंडात घालायची आणि पाहुणे एस. टी.त बसले की पुन्हा फुलपात्रात सोडायची. माझी पोरं तिला 'आजीचं हसू' म्हणायची. दात खाण्यासाठी असतात असं आम्ही शाळेत शिकवतो. आमची आई मात्र खायला बसताना दात काढून ठेवायची.

ती कवळी मी 2008 साली सांगलीहून करून आणली होती. मी प्राथमिक शाळेचा मास्तर. घराचं कर्ज, दोन पोरांच्या फिया, आणि त्यातून सहा हजार बाजूला काढलेले. त्यामुळं कवळी फुलपात्रात दिसली की माझं डोकं फिरायचं.

"आये, सहा हजार घातल्यात. ती काय पाण्यात बुडवून ठिवायला केलीया?"

"टोचती रं बाबा. वरची बसती, पर खालची बोलताना उठती. भाकरी खायला गेलं की खाली कण जात्यात आन् जीव जातो."

"सवय न्हाई तुला. दिवसभर घालून बस, हुईल सवय."

"बरं," म्हणायची. तेवढ्यावर विषय संपायचा. मग आमची जेवणं उरकली की चुलीकडं तोंड, आमच्याकडं पाठ करून बसायची आणि आमटीत भाकरी कुस्करून पार लगदा करून गिळायची. मला वाटायचं, जुन्या बायकांची रीत आहे, मागनं जेवायची. ती रीत नव्हती. तोंडाचं बोळकं कुणी बघू नये म्हणून ती पाठ करायची. हे कळायला मला आठ वर्षं लागली.

आईचे दात गेले ते मिसरीनं. आमच्या भागात तिच्या वयाची मिसरी न लावणारी बाई शोधून काढावी लागायची. तव्यावर तंबाखू काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, चुरायची, पत्र्याच्या डबीत भरायची. भाजायला लागली की सगळ्या गल्लीला ठसका. सकाळी उठल्यावर चिमूटभर डाव्या तळहातावर घेऊन उजव्या बोटानं दातांवरून, हिरड्यांवरून फिरवत बसायचं. त्याशिवाय परसाकडं होत नाही, डोकं उतरत नाही, कामाला हात लागत नाही. चाळिशीत आईच्या हिरड्या सुटायला लागल्या. दात हलायला लागला की दोरा बांधून ओढायचा, नाहीतर आठवडी बाजारात पाल टाकून बसलेल्या माणसाकडून उपटून घ्यायचा. त्याच्या पुढ्यात फडक्यावर दातांचा ढीग असायचा. त्या ढिगात आईचे कुठले असतील म्हणून मी वाकून बघायचो. साठीच्या आत तिचं तोंड मोकळं झालं.

2016 च्या पावसाळ्यात माझी खालची डावी दाढ ठणकायला लागली. सांगलीच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलण्यात घाई नाही. दाढ काढावी लागली. काढल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, ही जागा अशीच ठेवू नका. शेजारची दाढ कलते, वरची खाली उतरते. आता दोन वाटा आहेत. ब्रिज केला तर दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्यावर मधला दात तोलायचा. इम्प्लांट केलं तर हाडातच टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा. तो मुळासारखा. हाडानं तो धरला की वर दात. शेजाऱ्यांना हात लावायचा नाही." आणि जाता जाता, "तंबाखू मात्र सोडावी लागेल."

"सोडतो की," मी म्हणालो. पुडी खिशातच होती.

मग सहज आईच्या कवळीची तक्रार काढली. म्हणजे तक्रार आईचीच होती. सहा हजार वाया घालवले, घालतच नाही, वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं आणि कपाटातून प्लॅस्टरचे दोन जबडे काढून टेबलावर ठेवले. एक भरल्या हाडाचा, दुसरा झिजून सपाट झालेला.

"गुरुजी, शेताच्या बांधावरचं गवत आणि झाडं मुळासकट काढली तर काय होईल?"

"दोनचार पावसाळ्यांत बांध वाहून जाईल."

"हाडाचं तसंच आहे. चावताना मुळातून हाडाला रोज ताण मिळतो, म्हणून हाड राहतं. दात गेला की त्या हाडाला काम उरत नाही. शरीर ते हळूहळू मागे घेतं. पहिल्या वर्षी जास्त, पण थांबत कधीच नाही. आणि वरच्यापेक्षा खालचा जबडा जास्त झिजतो. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालचीला टाळू नाही, मध्ये जीभ, आणि खाली बांधच उरलेला नाही. ती बसणार कशावर? तुमच्या आई खोटं बोलत नाहीत."

मी त्या सपाट जबड्यावरून बोट फिरवलं. आठ वर्षं 'सवय न्हाई तुला' म्हणत होतो.

त्या रात्री मास्तरकीच्या खोडीनं वाचत बसलो. ब्रेनमार्क नावाचा एक स्वीडिश संशोधक 1952 मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून रक्ताभिसरण बघत होता. काम झाल्यावर नळी काढायला गेला तर ती निघेना. हाड तिला सांधून बसलं होतं. तेच त्यानं धरून ठेवलं आणि 1965 साली पहिल्या माणसाच्या जबड्यात असे खिळे बसवले. तो माणूस 2006 मध्ये वारला, तोपर्यंत चाळीस वर्षं ते टिकले. वाचून मला धीर आला. आईचं वय तेव्हा अडुसष्ट.

माझी दाढ राहू दे म्हटलं, आणि आईला घेऊन सांगलीला गेलो. बाईंनी जबड्याचा थ्रीडी एक्स-रे काढला, साखर तपासली, रक्त पातळ होण्याच्या किंवा हाडांच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं. म्हणाल्या, "सगळे दात नकोत. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, सुळ्यांच्या जागी दोनच बसवू. मागं हाडात शीर असते, तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. पुढं ती भीती कमी आणि हाडही बरं आहे. त्या दोनांवर नवी कवळी अडकवायची."

आईला काही कळेना. बाईंनी तिच्या चोळीकडं बोट दाखवलं. "आजी, टिचबटण असतं ना? एक भाग हाडात, एक भाग कवळीत. टिच करून बसणार. रात्री काढून धुवायची."

"असं व्हय," आई म्हणाली. टिचबटणं तिनं आयुष्यभर लावली होती. तिचं तिथंच पटलं. माझं पटायला खर्चाचा आकडा आड आला. नव्या कवळीसकट ऐंशी हजारांच्या घरात. सोसायटीचं कर्ज काढलं.

बाईंची अट एकच. मिसरी बंद. "तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त पोचलं नाही तर हाड स्क्रूला धरणार नाही." आईनं मान हलवली.

दिवाळीनंतर दोन्ही स्क्रू बसवले. सेंटिमीटरभर लांबीचे असतील. भूल देऊन तासाभरात काम झालं. बाहेर येऊन आई म्हणाली, "बाजारातल्या माणसापरीस लई बरं." टाके निघेपर्यंत कवळी बंद, खीर आणि पातळ भात. आणि तीन महिने वाट बघायची. नवी मेख ठोकल्या ठोकल्या कुणी बैल बांधत नाही. माती आवळू द्यावी लागते.

दीड महिन्यानं तपासायला गेलो. उजवीकडचा पक्का होता. डावा बाईंनी धरून बघितला तर हलला. हाडानं धरलाच नव्हता. नुसता फिरवल्यावर निघून आला. बाईंनी तो ट्रेमध्ये ठेवला. त्याचा टिंग असा आवाज झाला. त्या म्हणाल्या, "कधी कधी काही कारण नसतानाही असं होतं. जागा भरली की पुन्हा बसवता येईल. पण आजी, एक विचारते. मिसरी?"

आई जमिनीकडं बघत राहिली.

परतीच्या एस. टी.त मी खिडकीकडं तोंड करून बसलो. डोक्यात कर्जाचे हप्ते मोजत होतो. तासगाव मागं पडल्यावर आई आपणहून बोलली.

"डाव्या अंगालाच लावत हुते. उजवीकडं न्हाई लावली. म्हटलं एक तरी ऱ्हाईल."

मी काहीच बोललो नाही.

"बाहात्तरच्या दुष्काळात लागली रं मला. आदी न्हवती. खडी फोडायला जात हुतो आमी. मिलोची लाल भाकरी मिळायची, ती तुमा तिघांस्नी पुरत न्हवती. एक बाई म्हनली, मिसरी लाव, भूक मरती. खरंच मरायची. भाकरी तुमच्याकडं सारायला मग जड जायचं न्हाई."

त्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. ती लाल, चिवट भाकरी मला आठवते. आई 'मला भूक न्हाई' म्हणायची तेही आठवतं. तिला भूक का नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, त्यानंतरही नाही. मी भाकरी खाल्ली आणि मोठा होऊन तिला सहा हजारांचा हिशेब मागितला.

गाव येईपर्यंत दोघंही गप्प. स्टँडवर उतरताना तिचा हात धरला, एवढंच.

घरी आल्यावर तिनं डबी उचलली आणि चुलीत पालथी केली. सगळ्यांना ठसका लागला. बायको म्हणाली, "अत्या, सांगून तरी टाकायची." पुढचे पंधरा दिवस आई सगळ्यांशी भांडली. सुनेशी, कोंबड्यांशी, रेडिओशी. डोकं दुखतंय म्हणून फडकं बांधून बसायची. सकाळी हात आपोआप देवळीकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. मग बडीशेप चघळायची, गरम पाणी प्यायची. एकदा पहाटे मी उठलो तर अंधारात नुसतंच कोरडं बोट हिरडीवरून फिरवत बसलेली. मला बघून म्हणाली, "काय न्हाई रं. सवय."

उन्हाळ्यात डावा स्क्रू पुन्हा बसवला. बाईंनी त्याचे निम्मेच पैसे घेतले. पुन्हा महिनोन् महिने वाट. या वेळी धरला. 2017 च्या दिवाळीआधी नवी कवळी आली. बाईंनी आईला आरसा दिला, दोन बोटांनी दाबून बसवायला शिकवलं. टिच. टिच. आईनं जीभ फिरवून बघितली, बोलून बघितलं. उठली नाही.

ऊस सोलायचा नाही, हरभरे फोडायचे नाहीत, बाकी खा, असं बाईंनी सांगितलं. रात्री काढून ठेवायची, आणि हाडातल्या दोन्ही खुंट्या मऊ ब्रशनं सकाळ-संध्याकाळ घासायच्या. तिथं घाण साठली तर हिरडी सुजते आणि आतलं हाड पुन्हा जातं. आतल्या रबरी चकत्या ढिल्या झाल्या की बदलून घ्यायला यायचं. दात नवे असले तरी राखण जन्माची आहे.

दिवाळीच्या सकाळी आम्ही फराळाला बसलो. आई चुलीपुढनं उठली, ताटली घेऊन आली आणि आमच्या ओळीत पोरांच्या मध्ये बसली. कुणी काही बोललं नाही. तिनं चकली मोडली, तुकडा बाजूला सारला आणि चावली. कुडुम असा आवाज आला. थोरली पोरगी हसायला लागली, तशी आईही हसली, पदर न घेता.

तिनं दोन चकल्या संपवल्या. मग माझ्याकडं बघितलं. मी उजवीकडनंच चावत होतो.

"तुजी दाढ कवा बसवायची?"

"बसवू की. कर्ज फिटू दे आदी."

"कर्जाचं नगं सांगू मला," ती म्हणाली. "डाक्तरीणबाईनं तुला काय सांगितलं हुतं ते ठावं हाय मला. मी मिसरी टाकली चुलीत. तुजी पुडी कुठाय?"

पोरं माझ्या खिशाकडं बघायला लागली. मी चहाचा कप तोंडाला लावला.