बाई, बरं नाही काय?

तर झालं असं, की दोनेक वर्षांपूर्वी आमच्या आईची शुगर वाढली आणि आईने ती मनावर घेतली. खरोखर घेतली. आमच्याकडे डॉक्टरने सांगितलेलं पथ्य साधारण पुढच्या लग्नाच्या पंगतीपर्यंत टिकतं, हिचं टिकलं. पहाटे साडेपाचला नांदगाव पेठेतल्या घरातून निघायचं, हायवेच्या कडेकडेने टोलनाक्याच्या दिशेने चालत जायचं आणि ट्रकवाले चहाला थांबायच्या आत परत. भात बंद, साखर बंद, पुरणपोळीकडे नुसतं बघायचं. दीड वर्षात वजन ८४ किलोवरून ६३ वर आलं. तीन महिन्यांच्या सरासरीचा तो शुगर रिपोर्ट असतो ना, एचबीएवनसी, तो साडेनऊवरून ७.४ वर आला.

एवढं केल्यावर माणसाला वाटणार की गाव शाबासकी देईल. गावाने काय केलं? "बाई, बरं नाही काय जी?"

आई गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत शिकवायची. ५८ ला रिटायर झाली, आता साठीची आहे. त्यामुळे किराणा दुकानात, बँकेत, एमआयडीसीतून सुटणाऱ्या ड्यूटीच्या घोळक्यात, सगळीकडे तिचे विद्यार्थी. आणि प्रत्येकाचा तोच प्रश्न. कारण एकवीस किलो गेले, पण ज्या कातडीत ते भरलेले होते ती जागच्या जागी राहिली. हनुवटीखाली सैल पिशवी, गळ्यावर उभ्या दोन दोऱ्या, आणि जबड्याची कड जी आधी चरबीने झाकली होती ती आता ओघळलेल्या गालांनी झाकली. चेहरा थकलेला, आजारी. बाई मात्र पूर्वीपेक्षा ठणठणीत!

एका रविवारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, बाबांच्या तक्रारी झाल्या, मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "तुह्या लॅपटॉपवर पाय न जरा, हे गळ्याचं काही करता येते काय."

"गळ्याचं? थायरॉईड निघालं का?"

"नाही रे बाप्पा. हे लटकून रायलं ते."

मी हसलो. मोठ्याने नाही, पण फोनवर ऐकू जाईल इतपत. ती म्हणाली, "बरं, ठेवते." पुढचे आठ दिवस फोनवर फक्त जेवलास का आणि पाऊस आहे का.

आता हे हसणारा माणूस कोण, तेही सांगायला हवं. ज्याने स्वतः चष्म्याचा कंटाळा आला म्हणून लेसिक करून घेतलं, ज्याच्या टीममधल्या दोघांनी केस लावून घेतलेत आणि एक जण तिशीत दातांना पारदर्शक अलाइनर लावून स्टँडअप मीटिंगमध्ये 'स'चा 'श' करतो. यातल्या कुणालाही "या वयात कशाला?" असं आम्ही विचारलं नाही. असो.

प्रायश्चित्त म्हणून वाचायला बसलो. पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की या विषयात बग कुठे आहे ते न शोधताच सगळे फिक्स विकायला बसलेत. पुण्यातल्या एका क्लिनिकला (नाव जाऊ द्या) फोन केला, तर काउन्सेलर बाईंनी आईचं वय विचारायच्या आधी पॅकेज सांगितलं. धागे टाकून मान उचलायची, जेवणाच्या सुट्टीत काम होतं, या महिन्यात सूट. डॉक्टर कोण विचारलं तर "आमची टीम आहे सर." २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला या असल्या सौंदर्य उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या आणि त्यात यूट्यूब पाहणं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे असं लिहावं लागलं. यावरून काय ते समजा.

मग बग कुठे आहे? गळ्याचा पुढचा भाग म्हणजे एकावर एक थर. वर कातडी, तिच्याखाली चरबी, मग प्लॅटिझ्मा नावाचा कागदासारखा पातळ स्नायू. हा छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत पसरलेला असतो आणि वयाबरोबर त्याच्या मधल्या कडा सैल होऊन एकमेकींपासून लांब जातात. आईच्या गळ्यावरच्या दोन दोऱ्या त्या याच. त्याच्याखाली पुन्हा थोडी चरबी, लाळेच्या ग्रंथी (त्याही खाली सरकतात), आणि या सगळ्याला धरून ठेवणारं जबड्याचं हाड, जे स्वतःच वयाबरोबर थोडं झिजतं. म्हणजे बाहेरून एकच दिसणारी 'लटकलेली मान' पाच वेगवेगळ्या कारणांनी असू शकते आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

तरुण वयात कातडी घट्ट आहे आणि फक्त चरबी जास्त आहे, तर हनुवटीखाली बारीक छेद घेऊन ती नळीने ओढून काढली की भागतं, कातडी आपोआप आखडते. डिऑक्सिकोलिक ॲसिडची इंजेक्शनं, ज्यांना अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली, तीही फक्त चरबी विरघळवतात. पण कातडीच सैल असेल तर चरबी काढल्यावर ती आणखी लोंबते. दोऱ्या असतील तर हनुवटीखाली साधारण इंचभर छेद घेऊन स्नायूच्या दोन्ही कडा मध्यभागी शिवतात, कॉर्सेटची नाडी आवळावी तशा. आणि गालच जबड्याखाली ओघळले असतील तर कानाच्या पुढून, पाळीखालून, मागे केसांत जाणारा छेद घेऊन सगळंच वर घ्यावं लागतं.

यात जुन्या लोकांची एक चूक मला फार आवडली, कारण ती आम्ही कोडमध्ये रोज करतो. १९०१ मध्ये बर्लिनच्या ओयगेन हॉलेंडरने एका बाईच्या कानाजवळची कातडी कापून ताणून शिवली, आणि पुढची सत्तर वर्षं बहुतेक सर्जन तेच करत राहिले. गादी खचली आहे आणि आपण चादर ताणतोय! चेहरा ताठ, व्रण रुंद, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा जैसे थे. १९७० च्या दशकात स्वीडनचा स्कूग आणि फ्रान्सचे मित्झ व पेरोनी यांनी कातडीखालचा थर दाखवून दिला, की वजन इथे पेलायचं, कातडीवर नाही. १९९० मध्ये हॅम्रा आणखी खोल गेला. आज चांगला सर्जन ताण आत देतो आणि कातडी नुसती अलगद पसरून जादाची तेवढी कापतो.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हंजे होते."

नागपूरला जायचं ठरलं. एका ओळखीच्या फिजिशियननी नाव सुचवलं, आणि डिग्री एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी आहे हे मी तीनदा तपासलं. नागपूर या बाबतीत काही आडगाव नाही. तिथल्या मेडिकल कॉलेजात प्रा. सी. बालकृष्णन यांनी उभा केलेला प्लास्टिक सर्जरी विभाग देशातल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी, आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूचं त्यांनी केलेलं वर्गीकरण 'नागपूर वर्गीकरण' म्हणूनच ओळखलं जातं. आपल्याकडे 'नागपूर म्हणजे संत्री' एवढंच डोक्यात असतं.

बाबा गाडीत मागे बसले. "आता या वयात कोनाले दाखवाचं हाये?" हे वाक्य त्यांनी मोझरीपर्यंत दोनदा म्हटलं. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीला हात जोडायला उतरलो, तेव्हा गाडीच्या काचेत त्यांनी केस नीट केले. दर पंधरा दिवसांनी रविवारी डाय लावतात ते केस. आईने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे.

डॉक्टरांनी आधी काहीच सांगितलं नाही, नुसतं पाहिलं. आईला आरशासमोर बसवलं. दात घट्ट आवळून खालचा ओठ खाली खेचायला सांगितला, तर दोन्ही दोऱ्या तटकन वर आल्या. हनुवटीखाली चिमूट धरून पाहिली. मग कानाखाली दोन बोटं ठेवून कातडी अलगद मागे घेतली. आई घरी न्हाणीघराच्या आरशात रोज हेच करत होती, हे मला तिथे कळलं. तिने आपोआप स्वतःची दोन बोटं दुसऱ्या कानाखाली ठेवली.

"चरबी काढायची गरजच नाही," डॉक्टर म्हणाले, "ती यांनी चालून चालून स्वतःच काढली आहे."

आई खूश. बहुतेक दीड वर्षातली पहिली शाबासकी.

पण पुढचं त्यांनी सरळ सांगितलं. धाग्यांचा उपयोग नाही, इंजेक्शनचा नाही. फक्त मानेचं केलं तर दोऱ्या जातील पण जबड्याच्या कडेवर आलेले गाल तसेच राहतील. त्यामुळे हनुवटीखालचा छेद आणि कानाभोवतीचा, दोन्ही एकदम. पूर्ण भूल, चार-पाच तास. सूज आणि काळेनिळेपणा दोन आठवडे. पहिल्या चोवीस तासांत आत रक्त साठण्याची भीती सगळ्यात मोठी, शंभरात दोन-तीन जणांना होतं आणि पुन्हा टेबलवर घ्यावं लागतं. ब्लडप्रेशर ताब्यात हवं. कानाची पाळी काही महिने बधिर राहू शकते. आणि खालच्या ओठाकडे जाणाऱ्या नसेला धक्का लागला तर हसताना ओठ एका बाजूला वाकडा दिसतो, बहुतेकांचा परत येतो, क्वचित नाही येत.

इथे आईने एकच प्रश्न विचारला. "बोलता येईल ना नीट?"

एकतीस वर्षं पाढे म्हणवून घेतलेली बाई. नसेचं ऐकल्यावर तिला चेहरा नाही, आवाज आठवला. डॉक्टर म्हणाले, येईल, बोलण्याला सहसा अडचण येत नाही. पण सहसा हा शब्द त्यांनी गाळला नाही, हे मला बरं वाटलं.

शेवटी शुगर. डायबेटिसमध्ये जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि इथे तर कातडीचा मोठा पापुद्रा उचलायचा असतो, त्याच्या कडेला रक्त कमी पडलं तर ती काळी पडते. तेव्हा एचबीएवनसी सातच्या खाली आणा, वजन सहा महिने स्थिर ठेवा, मग या. घाई काही नाही. आणि आठ-दहा वर्षांनी थोडं पुन्हा सैल होईल, हेही लक्षात ठेवा.

खर्च तीन लाखांच्या घरात. मेडिक्लेम यात एक रुपया देत नाही. वर अठरा टक्के जीएसटी, कारण बाकी वैद्यकीय उपचारांना माफ असलेला कर नुसत्या सौंदर्यासाठीच्या सर्जरीला माफ नाही. जन्मतः व्यंग असेल, अपघात असेल तर माफ. वय झालं असेल तर भरा.

परतताना कोंढाळीला चहा घेताना मी आईला पुण्याची गोष्ट सांगितली. कावसजी नावाचा बैलगाडीवान, इंग्रज फौजेबरोबर होता. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभाराने (त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही) कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचं वर्णन चित्रासकट छापून आलं, आणि ते वाचून कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच नाक करून पाहिलं. जगातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी बरीचशी त्या कुंभाराची देणेकरी आहे.

आई बशीतला बिनसाखरेचा चहा पीत म्हणाली, "त्याले कोनी म्हटलं नसंन, आता कायले नाक पायजे म्हनून."

बाबा गप्प होते. मग म्हणाले, "किती दिवस लागन म्हने?"

"पंधरा दिवस घरातून निघता येणार नाही."

"मंग सैपाकाचं?"

मी हसलो, ड्रायव्हर हसला. आई नाही हसली. "मी का हिरोईन व्हाले चालली?" ती म्हणाली. "मी आजारी नाही. मले लोकायनं बिमार नाही समजलं पायजे. मी इतकी चालली, ते दिसलं पायजे." बाबांनी ग्लास ठेवला आणि पैसे द्यायला उठले. ते सहसा मला देऊ देतात.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, मी तिला व्हिडिओ कॉलला फोन ओट्यावर न ठेवता उंच ठेवायला सांगितलं. खालून, जवळून कॅमेरा धरला की साठीच्या काय, माझ्याही गळ्याची वाट लागते. आता फोन ज्वारीच्या डब्यावर असतो. फरक पडतो, पण किराणा दुकानात डबा नेता येत नाही. दुसरी म्हणजे बाबा तिच्याबरोबर पहाटे चालायला लागले. टोलनाक्यापर्यंत नाही जात, अर्ध्या रस्त्यात बसतात आणि ती परत आली की सोबत घरी येतात. स्वैपाकाबद्दल पुन्हा बोलले नाहीत, पण मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा वरण त्यांनी लावलं होतं. मीठ नव्हतं.

पैसे आई तिच्या ग्रॅच्युइटीतून देणार आहे. मी अर्धे देतो म्हटलं तर म्हणाली, "तुह्या डोयाचे मी देले होते काय?" खरं आहे, लेसिकचे मीच दिले होते.

गावात काय सांगायचं हेही तिने ठरवलंय. पोराकडे पुण्याला चालली, एवढंच.

काल रात्री फोन ज्वारीच्या डब्यावरून आला. चष्मा डोक्यावर, हातात लॅबचा कागद. "सहा पॉईंट आठ," ती म्हणाली आणि कागद कॅमेऱ्याला इतका चिकटवला की मला काहीच दिसलं नाही. आज सकाळी मॅनेजरला दोन आठवड्यांच्या रजेचा मेल टाकलाय. कारण लिहिलंय, 'आईचं ऑपरेशन'. त्याचं लगेच उत्तर आलं, "सीरियस नाही ना?"